मुलीपाशी थांबलेली रेघ

आमच्या घरच्या लोखंडी पेटीत एक वंशावळ जपून ठेवलेली आहे. पुतण्याच्या जात पडताळणीच्या वेळी वडिलांनी ती मुद्रांकावर काढून घेतली होती. सोबत कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीच्या नकला, खापरपणजोबांच्या नावाचे एक जीर्ण खरेदीखत आणि शाळा सोडल्याचे तीन दाखले जोडलेले आहेत. विदर्भातल्या खेड्यांत बहुतेक घरी अशी एखादी पिशवी असते आणि पुरात घर सोडायची वेळ आली तर दागिन्यांच्या आधी ती उचलली जाते. आमच्या वंशावळीत पाच पिढ्यांचे पुरुष आहेत. मुलींची नावे चार ठिकाणी येतात, त्यांत माझेही आहे, पण मुलीच्या नावाखाली रेघ उतरत नाही. तिचे लग्न झाले, ती दुसऱ्या घरची झाली, रेघ तिथेच थांबली. पडताळणीच्या कामाला तेवढे पुरते.

मीही गेली 20 वर्षे वंशावळीच काढते आहे, फक्त कारण वेगळे आहे. माझ्या कागदावर पुरुषासाठी चौकोन असतो, बाईसाठी गोल, गेलेल्या माणसावर तिरपी रेघ, आणि ज्याला आजार निघाला त्याचा चौकोन किंवा गोल काळा भरलेला. हृदयातून निघून छातीतून खाली उतरणाऱ्या महाधमनीचे आजार हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. या विषयाकडे मी पुस्तकातून आले नाही. मी आले ते एका चुकीतून, आणि ती चूक मी आजवर विद्यार्थ्यांपुढे अनेकदा सांगितली असली तरी लिहून काढण्याची ही पहिलीच वेळ आहे.

1993 चा नोव्हेंबर होता. मी नुकतीच एमडी होऊन एका लहान ग्रामीण रुग्णालयात रुजू झाले होते. कापसाची वेचणी जोरात होती. रात्री 10 च्या सुमारास 34 वर्षांच्या एका शेतकऱ्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, भरलेल्या कापसावर निजवून आणले. माणूस उंच, सडपातळ, लांब बोटांचा. घामाने भिजलेल्या सदऱ्याला जागोजागी कापूस चिकटला होता. त्याने माझा हात धरून सांगितले, "बाई, पाठीत कापड टरकन फाटल्यावानी झालं." मी केस पेपरवर लिहिले, 'छातीत तीव्र वेदना'. त्याचे वाक्य मी माझ्या पुस्तकाच्या भाषेत बसवले आणि तसे करताना त्यातले सगळ्यात मोलाचे दोन शब्द, 'पाठ' आणि 'फाटणे', गाळून टाकले.

ईसीजीत हृदयाच्या खालच्या भागाला रक्त कमी पडत असल्याच्या खुणा होत्या. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, डाव्या हातात बीपी लागत नाही." मी म्हणाले, "कफ बदलून पाहा." उजव्या हातात बीपी लागले, आणि तेवढ्यावर मी समाधान मानले. हृदयविकाराचा झटका समजून मी गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज 15 लाख युनिट तासाभरात सोडायला सांगितले. त्या काळी झटक्यावर तोच उपचार होता आणि त्याने अनेक जण वाचले आहेत. पण ज्याची महाधमनीच आतून उसवली आहे, त्याला रक्त पातळ करणारे औषध देणे म्हणजे धरणाला भेग पडलेली असताना वरून आणखी पाणी सोडण्यासारखे आहे. दीड तासाने तो एकदम उठून बसला, त्याने बायकोकडे पाहिले आणि तो गेला.

पहाटे त्याची आई व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. ती रडत नव्हती. ती म्हणाली, "माह्या भावाचंबी असंच झालं होतं बाई, अन् बापाचंबी. दोघंबी चाळिशीच्या आत गेले."

घरात कोणाला हृदयाचा त्रास होता का, हा प्रश्न मी रात्री त्याच्या बायकोला विचारला होता आणि ती 'नाही' म्हणाली होती. ती खोटे बोलली नव्हती. 'घरात' म्हटल्यावर तिने सासरे, दीर आणि चुलतसासरे धरले. सासूचे माहेर 'घरात' मोडत नाही. वंशावळीतली रेघ मुलीपाशी थांबते तशीच तिच्या मनातली रेघही सासूपाशी थांबली होती, आणि माझा प्रश्न त्या रेघेच्या पलीकडे जाईल असा मी तो विचारलाच नव्हता. शवविच्छेदन झाले नाही. मृत्यूच्या दाखल्यावर 'हृदयविकाराचा तीव्र झटका' असे मी माझ्या अक्षरात लिहिले.

महाधमनी म्हणजे काय हे मी शेतकऱ्यांना पाइपाच्या मापात सांगते. हृदयातून निघते तिथे ती साधारण 3 सेंटीमीटर रुंद, म्हणजे विहिरीवरच्या सव्वा इंची पाइपाएवढी असते. मात्र हा पाइप लोखंडाचाही नाही आणि प्लॅस्टिकचाही नाही. हृदय दिवसाला सुमारे 1 लाख वेळा रक्त फेकते आणि प्रत्येक वेळी ही नळी थोडी फुगून पुन्हा मूळ मापावर येते. तिच्या भिंतीत लवचीक पापुद्र्यांचे थर एकावर एक बसवलेले असतात आणि दोन पापुद्र्यांच्या मध्ये स्नायूपेशी असतात. हा लवचीक ऐवज माणसाला आईच्या पोटात आणि बाळपणी मिळतो. पुढे शरीर तो जवळजवळ नव्याने बनवत नाही, तोच जन्मभर पुरवावा लागतो. ज्यांच्यात त्याची घडण मुळातच कच्ची असते, त्यांची महाधमनी वर्षागणिक रुंदावत जाते. नळी रुंद झाली की त्याच दाबाखाली भिंतीवरचा ताण वाढतो, ताणाने ती आणखी रुंदावते, आणि एके दिवशी आतले अस्तर फाटते. मग रक्त गोधडीच्या दोन पदरांमध्ये शिरावे तसे भिंतीच्या थरांमध्ये शिरते आणि त्यांना उसवत पुढे जाते. वाटेत हाताकडे जाणाऱ्या फाट्याचे तोंड दाबले गेले तर त्या हातात बीपी लागत नाही. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिनीचे तोंड दाबले गेले तर ईसीजी झटक्यासारखा दिसतो. त्या रात्री दोन्ही खुणा माझ्यासमोर होत्या. हृदयालगतचा भाग फाटला आणि शस्त्रक्रिया झाली नाही, तर पहिल्या 2 दिवसांत दर तासाला 1 ते 2 टक्के रुग्ण दगावतात, असे आम्हाला शिकवले गेले होते. हा आकडा मला तोंडपाठ होता. आजार समोर आला तेव्हा मात्र मी त्याला ओळखले नाही.

इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज 1760 मध्ये याच आजाराने गेला आणि राजवैद्य फ्रँक निकोल्स यांनी शवविच्छेदन करून फाटलेल्या महाधमनीचे वर्णन लिहून ठेवले. राजाचे शरीर उघडले गेले म्हणून वैद्यकाला हा आजार कळला. आमच्याकडे शेतात काम करताना माणूस कोसळला की 'अटॅक आला' एवढ्यावर गोष्ट संपते, आणि दिवसकार्य उरकून घरातले लोक पुन्हा वेचणीला लागतात. 1986 मध्ये फ्लो हायमन ही अमेरिकेची उंचपुरी व्हॉलीबॉलपटू जपानमध्ये सामन्याच्या वेळी बाकावर बसल्या जागी कोसळून गेली. तिचे वय 31 होते. आधी हृदयविकाराचा झटका म्हटले गेले. शवविच्छेदन झाल्यावर महाधमनी फाटल्याचे आणि मूळ आजार मार्फान सिंड्रोम, म्हणजे शरीरातले लवचीक तंतू कच्चे ठेवणारा आणि घराण्यात चालणारा आजार, असल्याचे कळले. मग तिच्या भावाची तपासणी झाली, त्यालाही तोच आजार निघाला आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली. ही हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा मला व्हरांड्यातली ती आई आठवली. तिच्या भावाच्या मुलांना कोणी तपासले होते?

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मला अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत काम करण्याची संधी मिळाली. तिथे मी पहिल्यांदा मार्फान असलेल्या रुग्णाच्या त्वचेतल्या पेशी वाढवून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. निरोगी माणसाच्या पेशींभोवती फायब्रिलिन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचे दाट हिरवे जाळे दिसते. या रुग्णाचे जाळे विरळ होते आणि जागोजागी तुटलेले होते. मला एकदम कापूस खरेदी केंद्र आठवले. कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर ढिगातून चिमूटभर कापूस घेई, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढी, पुन्हा जुळवून ओढी, आणि असे चार-पाच वेळा केल्यावर त्याच्या बोटांत सरळ झालेल्या तंतूंची एक बारीक पट्टी उरे. ती तो काळ्या बाहीवर ठेवून लांबी पाही. माझे वडील त्या वेळी ग्रेडरच्या चेहऱ्याकडे पाहत नसत, फक्त त्याच्या बोटांकडे पाहत, कारण वर्षाची मेहनत त्या पट्टीच्या लांबीवर ठरायची. तंतू आखूड आणि तुटका असेल तर बाहेरून कापूस कितीही पांढरा दिसला तरी त्याचा धागा टिकत नाही.

पॅरिसचे बालरोगतज्ज्ञ आंत्वान मार्फान यांनी 1896 मध्ये गॅब्रिएल नावाच्या 5 वर्षांच्या मुलीच्या लांब, बारीक हातापायांचे वर्णन केले. महाधमनीचा त्याच्याशी संबंध आहे हे लक्षात यायला आणखी जवळजवळ अर्धे शतक गेले. बिघाड फायब्रिलिनच्या जनुकात, एफबीएन-1 मध्ये, आहे हे 1991 मध्ये कळले. तोवर शल्यचिकित्सक पुढे गेले होते. महाधमनीचे मूळ आणि झडप दोन्ही बदलण्याची बेंटॉल यांची शस्त्रक्रिया 1968 ची आहे. पुढे मार्फान नसलेल्या कुटुंबांतही हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालतो हे स्पष्ट होत गेले. ह्यूस्टनच्या डायना मिलेविच यांच्या गटाने 2007 मध्ये दाखवले की काही घराण्यांत दोष तंतूंत नसून स्नायूपेशीच्या आत, एसीटीए-2 या जनुकात असतो. अशा माणसांची उंची किंवा बोटे पाहून काहीच कळत नाही. त्यांच्यापैकी काहींच्या कातडीवर जांभळट जाळी दिसते, पण अनेकांत तीही नसते. तिथे मार्ग एकच उरतो, तो म्हणजे घराण्याचा इतिहास विचारणे. छातीतल्या महाधमनीला फुगवटा असलेल्या रुग्णांपैकी साधारण 5 पैकी एकाच्या जवळच्या नात्यात आणखी कोणाला तरी तोच आजार असतो. उरलेल्या चौघांपैकी किती जणांना आम्ही नीट विचारले, ही शंका माझ्या मनातून जात नाही.

परत आल्यावर मी सगळ्यात आधी त्या आईचा शोध घेतला. ती तोवर वारली होती. सत्तरीपर्यंत ती शेतात राबली आणि तापाने गेली, असे सुनेने सांगितले. मृताची मुलगी, जी त्या रात्री 4 वर्षांची होती, आता कॉलेजात जात होती. मी तिला भिंतीशी उभे करून शिंप्याच्या टेपने मोजले. दोन्ही हात पसरल्यावर एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर तिच्या उंचीपेक्षा 11 सेंटीमीटर जास्त भरले. अंगठा तळहातावर ठेवून मूठ वळायला सांगितली तर नख मुठीच्या दुसऱ्या कडेने पूर्ण बाहेर आले. नागपूरला नेऊन एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. महाधमनीच्या मुळाची रुंदी तिच्या अंगकाठीच्या मानाने जास्त होती, पण शस्त्रक्रियेची वेळ आलेली नव्हती. तिच्या रक्तात एफबीएन-1 जनुकातला एक बदल सापडला. अहवालात त्यापुढे लिहिले होते, 'अर्थ अनिश्चित'.

हे दोन शब्द माझ्या सगळ्या कामाच्या केंद्रस्थानी आहेत. जनुकात बदल सापडणे वेगळे आणि तो बदल आजाराला कारण आहे हे ठरणे वेगळे. प्रत्येक माणसाच्या जनुकांत असंख्य निरुपद्रवी बदल असतात. कोणता बदल निरुपद्रवी हे ठरवण्यासाठी ज्या मोठ्या संग्रहांशी तुलना केली जाते, त्यांत युरोपीय वंशाच्या लोकांचा भरणा आहे आणि आपली माणसे फार थोडी आहेत. म्हणून आपल्याकडच्या अहवालात 'अर्थ अनिश्चित' जास्त वेळा येते. ही अनिश्चितता दूर करण्याचा एक जुना, स्वस्त आणि भक्कम मार्ग म्हणजे नातेवाइकांची तपासणी. ज्यांना आजार आहे त्यांच्यात तो बदल सापडला आणि ज्यांना नाही त्यांच्यात तो नसला, तर साक्ष वाढत जाते. नाते जितके दूरचे, साक्ष तितकी वजनदार. हा आजार मुलग्यालाही 50 टक्के जातो आणि मुलीलाही 50 टक्के, म्हणजे घराण्यातली निम्मी साक्ष मुलींच्या वाटेने दुसऱ्या गावांत गेलेली असते, आणि तिची नोंद ना कोतवाल बुकात असते ना मुद्रांकावर.

तिची नोंद बायकांच्या तोंडी असते. त्या आईच्या माहेरी, आर्वीच्या बाजूच्या एका गावात, मी एसटीने तीन वेळा गेले. पहिल्या दोन खेपांना पुरुषांनी ओसरीवर बसवून मला सरळ रेघेतली वंशावळ सांगितली. तिसऱ्या खेपेला मी चुलीजवळ बसले. घरातली थोरली आत्या भाकरी थापता थापता बोलत गेली. कोणती मुलगी कुठे दिली, कोणाचे पोर लांबोडे निघाले, कोणाला लहानपणीच जाड भिंगाचा चष्मा लागला, कोण बाळंतपणानंतर आठव्या दिवशी 'पाठीत कळ येऊन' गेली. तिच्या बोलण्यातला प्रत्येक तपशील वैद्यकीय होता. उंची, हातापायांची लांबी, डोळ्यांचा दोष, आणि बाळंतपणाच्या आगेमागे महाधमनी फाटण्याचा वाढलेला धोका हे सगळे पुस्तकांत आहे, पण ते 6 गावांत विखुरलेल्या एका घराण्याच्या बाबतीत एकत्र ठाऊक असलेली ती एकटी बाई होती. माझ्या कागदावर त्या दुपारी 31 नावे वाढली, त्यांतली बहुतेक मुलींची आणि त्यांच्या लेकरांची.

त्या नावांच्या मागे मी तीन हिवाळे फिरले. उन्हाळ्यात 45 अंशांच्या वर पारा जातो, बर्फाच्या पेटीतले नमुने नागपूरपर्यंत नीट पोचण्याची खात्री नसते आणि भारनियमन असे ते वेगळेच. म्हणून रक्त गोळा करण्याचे काम दिवाळी ते होळी. तिसऱ्या हिवाळ्यात त्या आईच्या वारलेल्या भावाचा नातू सापडला. बाजार समितीत हमाली करणारा 29 वर्षांचा तरुण, महाधमनीचे मूळ 5.1 सेंटीमीटर, म्हणजे सव्वा इंची पाइप दोन इंची झालेला. मार्फानमध्ये 5 सेंटीमीटरला शस्त्रक्रियेचा सल्ला देतात. त्याच्या रक्तात तोच बदल होता. निरोगी निघालेल्या 6 जवळच्या नातेवाइकांपैकी कोणातही तो नव्हता. अहवालातला 'अनिश्चित' हा शब्द गेला.

त्याच दिवशी मला आणखी एक गोष्ट कळली. हमालाला आणि मृताच्या मुलीला एकच बदल मिळाला असेल, तर मुलीकडे तो 1993 च्या त्या शेतकऱ्यातून आणि त्याच्या आईतूनच आलेला असला पाहिजे. जी बाई सत्तरीपर्यंत राबली, तिच्यातही तो होता. एकाच घराण्यात हा आजार कोणाला कमी, कोणाला जास्त ग्रासतो, हे मला ठाऊक होते, तरी तिचा गोल काळा करताना माझा हात थांबला. जो पुरावा माझ्याकडे 1993 मध्ये नव्हता, तो असा 16 वर्षांनी आला.

हमालाची शस्त्रक्रिया झाली आणि तो वाचला. पण 'आता पोते उचलायचे नाही' हे त्याला सांगणे मला शस्त्रक्रियेचा निर्णय सांगण्यापेक्षा कठीण गेले. श्वास रोखून वजन उचलताना रक्तदाब एकदम चढतो, हे त्याला पटले. घर कशावर चालवायचे हे मी त्याला सांगू शकले नाही. पुढे त्याला बाजार समितीतच काटा लिहिण्याचे काम मिळाले, तेही माझ्यामुळे नव्हे, तर त्याच्याबरोबरच्या हमालांनी धरून लावले म्हणून.

औषधांबद्दल लिहायचे तर आशा आणि धीर दोन्ही लागतात. 2006 मध्ये लोसार्टन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने मार्फान असलेल्या उंदरांची महाधमनी जवळजवळ पूर्ववत राहते असे दिसले, तेव्हा आम्ही सगळे हरखून गेलो होतो. 2014 मध्ये 608 मुले आणि तरुणांवरच्या चाचणीचा निकाल आला आणि लोसार्टन अटेनोलॉल या बीटा ब्लॉकर गटातल्या जुन्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही. अनेकांना तो पराभव वाटला. मला तसे वाटले नाही, कारण दोन्ही गोळ्या तालुक्याच्या दुकानात मिळतात आणि शेतमजुराला परवडतात. 2022 मध्ये अनेक चाचण्यांची आकडेवारी एकत्र केल्यावर लोसार्टनच्या जातीच्या औषधांनी रुंदावण्याचा वेग सुमारे निम्मा होतो असे दिसले, बीटा ब्लॉकर चालू असला तरीही. याच जोडीला एक गोष्ट मी प्रत्येक घरी सांगते. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली अँटिबायोटिक अशा माणसांनी शक्यतो टाळावीत, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने 2018 मध्ये दिला आहे, आणि आमच्याकडे जुलाब लागले की चिठ्ठीशिवाय हीच गोळी दिली जाते.

मार्फान साधारण 5000 माणसांत एकाला असतो. 2011 च्या जनगणनेत विदर्भाची लोकसंख्या सुमारे 2 कोटी 30 लाख होती. म्हणजे या एकाच आजाराची साडेचार हजारांवर माणसे आपल्या 11 जिल्ह्यांत असावीत. शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येते तेव्हा वजन आणि उंची मोजतात. तिथेच हातांचा पसारा मोजायला एक टेप आणि अर्धे मिनिट लागेल.

आता त्या मुलीविषयी. तिचा अहवाल आला तेव्हा तिची आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, तुमच्या कागदावर माह्या पोरीचं नाव नका लिहू. पोट्टी लग्नाची हाय." मी नाव लिहिले नाही, फक्त काळा गोल काढला. मी आईला दोष देत नाही. नवऱ्याला 34 व्या वर्षी गमावलेल्या बाईने मुलीच्या लग्नाची काळजी करू नये, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. मी एवढेच सांगितले की मूल होऊ देण्याआधी तिने माझ्याकडे यायलाच हवे, कारण लोसार्टन गरोदरपणात चालत नाही आणि महाधमनीचे माप पाहिल्याशिवाय पुढे जाणे धोक्याचे आहे.

लग्नानंतर दीड वर्षाने ती आली. सोबत सासू होती. मुलीने लग्नाआधीच नवऱ्याला सगळे सांगितले होते, आणि नवऱ्याने आईला. सासूने पदरातून एक घडी केलेला वहीचा कागद काढला. त्यावर तिने विचारायचे प्रश्न उतरवून आणले होते. कोणती गोळी बंद करायची, किती दिवसांनी एको, बाळंतपण कुठे, आणि बाळंतपणानंतर किती दिवस जपायचे. माप 3.9 सेंटीमीटर होते. आम्ही गोळी बदलली, दर महिन्याला एको केला, बाळंतपण नागपूरला झाले आणि पुढचे 3 महिने ती दर पंधरा दिवसांनी तपासणीला आली. मुलगी झाली. त्या दिवशी मी काळ्या गोलाखाली एक रेघ ओढली आणि टोकाला एक लहान कोरा गोल काढला.

ती मुलगी आता 11 वर्षांची आहे. जनुकाची तपासणी करून घ्या असे मी सुचवले आहे. आई तयार आहे, वडील अजून नाहीत, तोवर दरवर्षी एको आणि टेप. यंदा तान्ह्या पोळ्याच्या दिवशी ती आजीसोबत आली, काखेत लाकडी नंदी घेऊन. भिंतीशी उभे राहायला सांगितल्यावर तिने तो माझ्या टेबलावर, कागदांवर ठेवला आणि दोन्ही हात पसरले. उंची 141, पसारा 143. एकोत मूळ वयाच्या मानाने बरोबर. आजीने दोन्ही आकडे आपल्या वहीत लिहून घेतले, गेल्या वर्षीच्या आकड्यांखाली.